खुंट्यावरचा दुसरा हात

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आपण केरसुणीची पूजा करतो. नवी केरसुणी आणायची, पाटावर ठेवायची, तिला हळदकुंकू वाहायचे आणि तिच्यापुढे पणती लावायची. आमच्या झाडीपट्टीत तिला फडा म्हणतात. एरवी तो दाराआड उभा असतो. पण चुकून पाय लागला तर म्हातारी माणसे अजूनही वाकून नमस्कार करतात. घरातला केर काढणारी वस्तू हीच घरातली लक्ष्मी, हे ज्या कुणाला प्रथम सुचले असेल त्याच्या बुद्धीचे मला फार कौतुक वाटते. सोन्याच्या नाण्यांशेजारी शिंदीच्या पानांचा झाडू मांडायला मन मोठे लागते. फक्त एक गोष्ट दर दिवाळीत माझ्या मनात डोकावून जाते. केरसुणीला हळदकुंकू मिळते. वर्षभर ती धरणाऱ्या हाताला त्या संध्याकाळी काय मिळते? तो हात त्या वेळी बहुधा कढईपाशी असतो.

ही तक्रार नव्हे. सणाच्या अंकात तक्रारी मांडू नयेत एवढे मलाही कळते. पण चकली तळताना, अंगण सारवताना, मुलांच्या वह्या तपासताना जो प्रश्न मनात घोळत राहतो, तो मांडायला दिवाळीसारखा मुहूर्त नाही. रोजच्या कामात पावित्र्य असते काय? असले तर ते कामात असते, करणाऱ्याच्या मनात असते, की लांबून पाहणाऱ्याच्या डोळ्यांत असते? आणि ते आहे असे म्हणण्याचा अधिकार कुणाचा?

पवित्र हा शब्द आपल्या घरात सोवळ्याचे बोट धरून आला. माझ्या आजीचे सोवळे ज्या दांडीवर वाळत असे, तिच्याखालून जायलासुद्धा आम्हां मुलांना बंदी होती. ज्याला शिवायचे नाही ते पवित्र, अशी आमची सोपी व्याख्या होती. या व्याख्येची दुसरी, फार कडू बाजू आपल्या समाजाने माणसांना लावली. ती वाचकांना सांगायला नको. नवल याचे की, यहुद्यांच्या जुन्या धर्मग्रंथांत पवित्र या अर्थाचा जो हिब्रू शब्द आहे, त्याच्याही मुळाशी ‘वेगळे काढून ठेवलेले’ हाच अर्थ सांगतात. म्हणजे माणसाला सगळीकडे प्रथम हेच सुचले: देवाची म्हणून एक जागा कुंपण घालून राखायची, आणि कुंपणाबाहेर आपला चुलीचा, गोठ्याचा, बाजाराचा व्यवहार चालू ठेवायचा.

हे कुंपण काढून टाकणारी माणसे प्रत्येक धर्मात झाली. मला ती भेटली कॅथलिक पुस्तकांत. मी ख्रिस्ती नाही, तेव्हा याचे कुणाला नवल वाटेल. पण चांद्याच्या माणसाला वाटू नये. १९६२ साली रोमहून चांद्यासाठी एक स्वतंत्र धर्मक्षेत्र स्थापन झाले आणि केरळातल्या सिरो-मलबार परंपरेच्या कार्मेलाइट धर्मगुरूंकडे ते सोपविण्यात आले. केरळाबाहेर त्या परंपरेला मिळालेले हे पहिले क्षेत्र. पुढे १९७७ साली त्याचा धर्मप्रांत झाला. केंद्र बल्लारपूरला, कागदाच्या गिरणीच्या आणि कोळशाच्या खाणींच्या शेजारी. १९८२ साली आमच्या जिल्ह्याचे चंद्रपूर आणि गडचिरोली असे दोन तुकडे झाले, तरी त्या धर्मप्रांताच्या नावात जुना चांदाच राहिला आहे. तेव्हापासून नारळीच्या मुलखातल्या मल्याळी मुली सागाच्या आणि मोहाच्या मुलखात येऊन मराठी शिकतात, शाळा आणि दवाखाने चालवतात, आणि इथेच म्हाताऱ्या होतात. त्यांतल्या एका सिस्टरशी माझा अनेक वर्षांचा घरोबा आहे. त्यांच्या कपाटातली पुस्तके मी मॅट्रिकच्या इंग्रजीवर, शब्दकोश मांडीवर घेऊन वाचली. (ख्रिस्ताची कथा मराठीत मात्र फार जुनी आहे. इंग्लंडात जन्मलेल्या फादर स्टीफन्स यांनी गोव्यात बसून ओवीबद्ध मराठीत लिहिलेले क्रिस्तपुराण १६१६ साली छापून निघाले.)

कार्मेलाइट हे नाव कार्मेल नावाच्या डोंगरावरून पडले. कडक मौनाचा, ध्यानाचा हा पंथ. असे असून त्या पंथातल्या ज्या तिघांनी मला पकडून ठेवले, त्या तिघांच्याही गोष्टी स्वयंपाकघराच्या आणि धुण्याच्या आहेत.

पहिला लोरेन प्रांतातला निकोला एर्माँ. तरुणपणी शिपाई होता; लढाईत पाय जायबंदी झाला आणि जन्मभर लंगडत राहिला. पुढे पॅरिसच्या कार्मेलाइट मठात बंधू लॉरेन्स या नावाने दाखल झाला. शिक्षण नाही, म्हणून धर्मगुरू होता येईना. त्याला स्वयंपाकघरात घातले. सुमारे पंधरा वर्षे तो मुदपाकात होता. नंतर पाय फार दुखू लागले तेव्हा जोडे दुरुस्त करण्याच्या कामावर बसवला. १६९१ साली तो वारला. त्याची पत्रे आणि त्याच्याशी झालेली बोलणी एका धर्मगुरूने छापली आणि ती तीनशे वर्षे वाचली जात आहेत. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की, प्रार्थनेची वेळ आणि कामाची वेळ यांत त्याला फरक उरला नाही. भांड्यांचा खणखणाट आणि चार जणांच्या एकाच वेळच्या मागण्या यांतही त्याला देवाची सोबत देवळातल्याइतकीच जाणवे. हे वाचून कुणालाही वाटेल, असेल बाबा स्वयंपाकाची आवड. तर तसे नाही! स्वयंपाकघराचा त्याला मनापासून तिटकारा होता, असे त्या पुस्तकातच नमूद आहे. एवढ्या एका वाक्यासाठी मी त्या बंधूवर लोभ धरला. स्वयंपाकाची ज्यांना उपजत आवड असते त्यांनी चुलीत देव पाहावा, यात विशेष काय?

दुसरी स्पेनमधली आव्हिलाची तेरेसा, सोळाव्या शतकातली. मठामागून मठ स्थापन करणारी, गाडीतून देशभर हिंडणारी, हिशेबात पक्की अशी ही बाई होती. कामामुळे ध्यानाला वेळ मिळत नाही म्हणून खंत करणाऱ्या भगिनींना तिने बजावले की, वाट्याला मुदपाक आला असेल तर देव तिथल्या भांड्याकुंड्यांतूनही वावरतो. आपल्या प्रपंची बायकांना ही बाई लगेच ओळखीची वाटेल.

तिसरी फ्रान्समधल्या लिझ्यूची तेरेझ. पंधराव्या वर्षी मठात गेली, चोविसाव्या वर्षी, १८९७ साली, क्षयाने वारली. मठाबाहेर तिने काहीही केले नाही आणि मठातही काही विशेष केले नाही. इतके की, तिच्या मृत्यूनंतर हिच्याविषयी लिहायचे तरी काय, असा प्रश्न एका भगिनीला पडला होता म्हणतात. दुसऱ्या वर्षी तिची आत्मकथा छापली गेली आणि १९२५ साली रोमने तिला संत म्हणून जाहीर केले. त्या पुस्तकातल्या दोन गोष्टी मी कधी विसरणार नाही. प्रार्थनेच्या वेळी तिच्यामागे बसणारी एक भगिनी सतत कसला तरी बारीक आवाज करी. तेरेझला घाम फुटे. वळून एकदा रागाने पाहावे असे वाटे. तिने पाहिले नाही. तो आवाज म्हणजे संगीत आहे असे समजून ती लक्षपूर्वक ऐकत राहिली. दुसरी गोष्ट धुण्याची. समोरची भगिनी रुमाल आपटताना घाण पाण्याचे शिंतोडे हिच्या तोंडावर उडवी. मागे सरून तोंड पुसले असते तर त्या बाईला कळले असते. ही जागची हलली नाही. बस्स, एवढेच. यात ना चमत्कार, ना हौतात्म्य. एकत्र कुटुंबात नांदलेल्या कोणत्याही सुनेपाशी अशा शंभर गोष्टी निघतील. तेरेझने यालाच आपली लहानशी वाट म्हटले, आणि विद्वान धर्मपंडितांना ती मानावी लागली: १९९७ साली तिला धर्माची आचार्या ही पदवी देण्यात आली.

धर्मपीठाला हे पटायला वेळ लागला, हेही सांगितले पाहिजे. पावित्र्याची हाक सर्वांना आहे, केवळ संन्याशांना नाही, हे व्हॅटिकनच्या दुसऱ्या महासभेने १९६४ साली लिहून ठेवले. पोप फ्रान्सिस यांनी २०१८ साली शेजारच्या घरातल्या संतांवर पत्रच काढले. तरी संतांच्या यादीत एक नवराबायको जोडीने यायला २०१५ साल उजाडले. ते दोघे या तेरेझचेच आईबाप: वडील घड्याळजी, आई लेस विणवून घेण्याचा धंदा करणारी, नऊ मुलांची माता, त्यांतली चार तिने लहानपणीच गमावली. इतक्या शतकांत संसार करून संत झालेली जोडपी हजारोंनी झाली असतील. पण संसारी माणसांची कागदपत्रे रोमला पाठवायला कुणाला फुरसत असते!

आपल्याकडे हे काम वारकऱ्यांनी सातशे वर्षांपूर्वी केले. अरणचा सावता माळी पंढरपूरला गेला नाही, मळ्यातच राहिला. आणि आजही पांडुरंगाची पालखी अरणला त्याच्या भेटीला जाते. गोरोबांचे मडके, सेना न्हाव्याची धोपटी, चोखोबांचे कष्ट, सगळे देवापर्यंत पोहोचले. तेव्हा कामात देव आहे, हे मराठी माणसाला फ्रान्समधून कुणी येऊन सांगण्याची गरज नाही. मग माझा प्रश्न सुटला का? नाही. खरा प्रश्न इथूनच सुरू होतो.

कारण पवित्र हा शब्द फार सोयीचा आहे. पूर्वी एका शाळेत मी नोकरीला होते. तिचे नाव सांगायचे कारण नाही. तिथे पगार महिनोन्‌महिने थकत. आम्ही शिक्षक चिटणीसांकडे गेलो की ते चहा मागवत आणि म्हणत, शिक्षकाचा पेशा पवित्र आहे, त्याला व्यवहाराचा विटाळ होऊ देऊ नका. त्या नोकरीत एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. जेव्हा जेव्हा आमच्या पेशाच्या पावित्र्याची आठवण करून देण्यात आली, तेव्हा तेव्हा आमचे काहीतरी कापले गेले होते किंवा कापले जायचे होते. वाण्याला मात्र पवित्र पेशा सांगून उधारी वाढवून मिळत नसे.

घरात हीच गोष्ट अधिक गोड आवाजात घडते. बाईला अन्नपूर्णा म्हणायचे आणि तिचे ताट शेवटी मांडायचे. आईच्या त्यागावर निबंध लिहायचा (मुले तो फार सुंदर लिहितात, मी दरवर्षी तपासते) आणि आईने मागितलेला पाण्याचा तांब्या ऐकू न आल्यासारखे करायचे. शब्दाचा हार गळ्यात पडला की हात आखडता घेता येतो. पूजा ही पुष्कळदा मदत टाळण्याची रीत असते, असे माझे मत झाले आहे. ते कुणाला तिखट वाटले तर त्यांनी यंदाच्या फराळाचा घाणा एकदा स्वतः काढून पाहावा.

आमच्या जंगलात मार्च-एप्रिलला मोह पडतो. पहाटे अंधारात बायका टोपल्या घेऊन निघतात. ऊन चढायच्या आत फुले वेचायची असतात. मोह संपतो न संपतो तोच तेंदूची पाने. सकाळी जंगलात तोडायची, दुपारी घरी आणून पुडे बांधायचे. सत्तर पानांचा एक पुडा, हजार पुड्यांची एक गोणी. वाकलेल्या बाईचा पाठीमागून वाघाला माणूस म्हणून अंदाज येत नाही, असे जाणकार सांगतात. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. शहरातून आलेल्या एका पाहुण्यांनी पुडे बांधणाऱ्या बायकांकडे पाहून, ही तर तपश्चर्या आहे, असे माझ्यादेखत उद्गार काढले. माणूस भला होता, डोळ्यांत पाणी होते. माझ्या एका विद्यार्थ्याची आई तिथे बसली होती. ते गेल्यावर ती मला म्हणाली, “बाई, तपशा मले नाई समजत. सत्तर पाने झाले का नाई, तेवढं समजते.”

तिच्या त्या उत्तरावर कॅथलिक धर्मपंडितही मान डोलावतील, असे मला पुढे कळले. त्यांच्या परंपरेत काही मोजकी पापे अशी मानली आहेत की, त्यांचा आक्रोश थेट स्वर्गात पोहोचतो. त्यांत मनुष्यहत्या आहे, आणि तिच्याच पंक्तीला मजुराची मजुरी बुडवणे आहे. १८९१ साली तेरावे पोप लिओ यांनी कामगारांच्या प्रश्नावर प्रसिद्ध केलेल्या पत्रात न्याय्य मजुरीचा आग्रह धरला. ख्रिस्ताचा पालक पिता सुतार योसेफ. शुभवर्तमानात त्याच्या तोंडी एकसुद्धा शब्द नाही. फक्त काम आहे. श्रमिक योसेफ म्हणून त्याचा सण १९५५ साली सुरू झाला, आणि त्यासाठी दिवस निवडला एक मे, जगभरच्या कामगारांचा. हाच आपला महाराष्ट्र दिन, आणि आमच्या जंगलात ऐन तेंदूचा हंगाम. म्हणजे ज्यांनी कामाला पवित्र म्हटले त्यांनीच मजुरीचा हिशेब चोख मागितला. हिशेबाने काम बाटते ही समजूत चिटणीसांची, धर्माची नव्हे.

धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाकडे पाहिले की हे अधिक उमगते. २००९ साली सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर त्या गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला आणि २०११ पासून गावाला स्वतःचा बांबू स्वतःच्या परवान्याने विकता येऊ लागला. बांबू तोच, कोयता तोच, पाठीला लागणारी कळही तीच. पण किती तोडायचा आणि कुणाला विकायचा हे ग्रामसभेत बसून सगळ्यांच्या संमतीने ठरू लागले. अशा कामाविषयी तिथला माणूस ज्या सुरात बोलतो, तो सूर मजुरीवर नेलेल्या माणसाच्या तोंडी मी कधी ऐकला नाही.

मग पावित्र्य निवडीत आहे का? विदर्भाला याची उदाहरणे बाहेरून आणावी लागत नाहीत. गाडगेबाबा ज्या गावी जात तिथे आधी खराटा घेऊन रस्ते झाडत, मग रात्री कीर्तन. वरोऱ्याचे वकील बाबा आमटे नगरपालिकेचे उपाध्यक्ष असताना भंगीकाम करून पाहत होते, डोक्यावरून मैला वाहत होते. त्याच कामात त्यांना पावसात पडलेला, कुष्ठाने झडलेला तुळशीराम दिसला. ते आधी घाबरून पळाले आणि मग परत आले. १९४९ साली महारोगी सेवा समिती निघाली ती त्यातून. साधनाताईंची गोष्ट मला याहूनही प्रिय आहे. नागपूरला त्यांच्या बहिणीचे लग्न होते. सगळे घर समारंभात दंग असताना ही मुलगी हळूच मागे जाऊन म्हाताऱ्या मोलकरणीला कामात मदत करत होती. तरुण आमट्यांनी ते पाहिले आणि लग्न ठरवले ते तिच्याशी. लग्नघरातल्या मागच्या दारी त्या दिवशी जे झाले त्याला कुणी सेवा म्हटले नव्हते. एका म्हातारीचे काम हलके झाले, इतकेच.

खराटा गाडगेबाबांनी हाती घेतला. ज्याच्या हाती तो जन्माने दिला गेला, त्याला त्याच खराट्याविषयी असेच वाटावे, असे मी कोणत्या तोंडाने म्हणू? हा प्रश्न मी एकदा आमच्या सिस्टरना विचारला. त्या वेळी त्या दवाखान्याच्या ओसरीवर एका म्हाताऱ्याच्या पायाची चिघळलेली जखम धूत होत्या. मी विचारले, “सिस्टर, हे काम तुम्हाला पवित्र वाटते का?”

“टीचर, पहिल्या दिवशी वास आला. अजून येतो,” त्या म्हणाल्या.

“मग तुमच्या त्या तेरेझबाईंचे काय?”

त्यांनी पट्टी गुंडाळून संपवली, हात धुतले, आणि आपल्या मल्याळी हेलाच्या मराठीत म्हणाल्या, “ते माझ्यासाठी आहे. मी आपल्या मनाने आले. या आजोबांना मी सांगितलं, तुमची जखम पवित्र आहे, तर ते मला काठी मारतील. आणि बरोबर करतील.” आजोबा कान देऊन ऐकत होते, त्यांनी काठी उचलून दाखवली आणि तिघेही हसलो.

घरी जाताना वाटेत मला वाटत राहिले की, सिस्टरनी प्रश्नाचे अर्धेच उत्तर दिले. आपल्या मनाने येणे थोड्यांच्या नशिबी असते. ज्यांनी निवडले त्यांचेच काम पवित्र, असे म्हटले तर पुन्हा ते आजीचे सोवळेच झाले. फक्त दांडी नवी. बहुतेक माणसांना काम वाट्याला येते. मला शिकवण्याचे आले, माझ्या आईला रांधण्याचे आले, तेंदूवाल्या बाईला पाने मोजण्याचे आले. त्यांना या वाटेवर मज्जाव आहे का?

याचे उत्तर मला जनाबाईपाशी मिळते. जनी नामदेवांच्या घरची दासी. दळण, कांडण, शेण गोळा करणे, यांतले काहीही तिने निवडलेले नव्हते. पण या कामात तिने देवाला हाक मारली ती स्वतः. तिच्या मालकांनी तिला सांगितले नव्हते की, जने, तुझे दळण फार थोर आहे, चालू दे. आणि हाक ऐकून देव आला, तेव्हा त्याने काय केले असे आपल्या लोकांनी सांगितले? त्याने जात्यावर फुले वाहिली नाहीत. कौतुकाचा अभंग म्हटला नाही. तो समोर बसला आणि त्याने खुंट्याला हात घातला. बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या ही कथा जात्यावर बसून जपली, कारण एकटीने ओढायचे जाते आणि दोघींनी ओढायचे जाते यांतला फरक त्यांच्या खांद्यांना ठाऊक होता. दुसऱ्याच्या ओझ्याला पवित्र म्हणावेसे वाटले तर ते म्हणण्याची ही एकच रीत मला मान्य आहे. बाकी आपापल्या कामाला प्रत्येकाने मनातल्या मनात हवे ते नाव द्यावे. त्यात दुसऱ्याने पडू नये.

खुंट्याला हात घालण्याचा एक प्रकार आमच्या गडचिरोलीत मी जवळून पाहिला आहे. डॉक्टर अभय आणि राणी बंग यांनी १९८६ साली इथे काम सुरू केले. खेड्यातली नवजात बाळे न्यूमोनियाने जात. दवाखाना दूर, वाटेत नदी. बाळाला न्यूमोनिया आहे का हे ओळखायची खूण म्हणजे श्वासाचा वेग: दोन महिन्यांच्या आतले बाळ मिनिटाला साठ किंवा अधिक श्वास घेत असेल तर धोका. पण गावच्या सुइणींना साठपर्यंत मोजता येत नव्हते. मग बंगांनी एक साधे यंत्र केले. एका मिनिटाची वाळूची घडी आणि तिच्या शेजारी तारेत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू पडून संपायच्या आत लाल मण्यापर्यंत हात गेला, तर बाळ आजारी. पुढे गावोगावच्या थोडे शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवून त्यांनी घरोघरी बाळांची काळजी घेण्याची पद्धत बसवली. तिने बालमृत्यू किती घटले याचा वृत्तान्त १९९९ साली लॅन्सेट या जगप्रसिद्ध वैद्यकीय पत्रिकेत आला, आणि पुढे देशभरच्या आशांच्या कामात ही पद्धत गेली. त्या आशांना आपण कामगार म्हणत नाही, स्वयंसेविका म्हणतो. आणि २०२४ च्या आरंभी महाराष्ट्रातल्या आशांना मोबदल्यासाठी संपावर बसावे लागले. चिटणीस सगळीकडे असतात.

त्या मण्यांची गोष्ट मी सिस्टरना सांगितली तेव्हा त्यांनी आपली जपमाळ, रोझरी म्हणतात ती, माझ्या हाती दिली आणि मोजायला सांगितले. तिच्यातही मणी दहा-दहाच्या पाच घोसांत ओवलेले. दहा प्रार्थना झाल्या की एक जागा सोडायची. त्या काही बोलल्या नाहीत. मीही बोलले नाही. दोन्हींत दहाच का, यावर विद्वानांनी हवा तर प्रबंध लिहावा. मला वाटते माणसाला बोटे दहा आहेत, एवढेच त्याचे कारण.

पण श्वास मोजणारी बाई कशी बसते ते पाहण्यासारखे असते. बाळंतिणीची खोली काळोखी, चुलीचा धूर, दारात कोंबड्या. ती आधी हात धुते. बाळाच्या अंगावरचे पांघरूण छातीपुरते बाजूला करते. बाळ रडत असेल तर ते शांत होईपर्यंत थांबते, कारण रडत्या बाळाचे श्वास मोजून उपयोग नाही. मग मोजायला लागते. नजर त्या इवल्या छातीवर, बोट मण्यावर. आजी काही विचारू पाहते, तिला ती मान न वळवता हाताने थांबवते. छाती वर जाते, खाली येते; कधी मध्येच थबकते, आणि सगळ्यांचे श्वास तिच्याबरोबर थबकतात. एक मणी सरकतो. दुसरा. बाहेर कुणी तरी बकरीला हाकलत असते. वाळू पडून संपेपर्यंत त्या घरात कुणी बोलत नाही.